घोडा लंगडतोय? आधी खूर उचला

माझा पहिला घोडा मी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणला. दत्तजयंतीला तापीकाठी जो घोडेबाजार भरतो, तिथे तीन दिवस फिरून, चहा पिऊन पिऊन सौदा केला होता. काळा, पंचकल्याणी, कानाची टोकं एकमेकांना टेकणारी. चौथ्या महिन्यात एका सकाळी तो उजवा पुढचा पाय टेकवेना. मी खांदा चाचपला, त्याने मान झटकली, आणि मी निदान करून मोकळा झालो: खांदा धरलाय. चार दिवस कोमट तेलाने मालिश केली. मग तालुक्याच्या औषध दुकानातून गुरांना देतात ते दुखण्याचं इंजेक्शन आणलं. दुसऱ्या दिवशी घोडा टकाटक चालायला लागला. मी रपेट मारून आलो. तिसऱ्या दिवशी तो तीन पायांवर उभा होता आणि घामाने भिजला होता.

शेजारच्या स्टड फार्मवर एक म्हातारे मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांना बोलावलं.

"मामा, खांदा बघा जरा याचा."

"खूर उचलला का तुम्ही दादा?"

नव्हता उचलला. मामा उकिडवे बसले, खूर मांडीवर घेतला आणि चाकूच्या मुठीने नालेच्या कडेकडेने टकटक करत गेले. बाहेरच्या बाजूच्या तिसऱ्या खिळ्यावर टक केलं आणि घोड्याने पाय असा हिसकला की मामा मागे पडता पडता वाचले. दुपारी डॉक्टरांनी नाल काढली, तो खिळा उपसला, भोक थोडं मोठं केलं आणि आतून काळपट राखाडी पाणी भसकन बाहेर आलं. त्याचा वास अजून नाकात आहे. नाल मारताना खिळा जिवंत भागाला लागून गेला होता. पू झाला, आणि बाहेर पडायला वाट नव्हती. संध्याकाळपर्यंत घोडा त्या पायावर उभा राहून गवत खात होता.

त्या आठवड्यात दोन गोष्टी शिकलो. लंगडणाऱ्या घोड्याचं आधी खूर बघायचं, मग बाकी सगळं. आणि दुखण्याचं औषध हे शेवटी द्यायचं, कारण ते दिलं की साक्षीदाराचं तोंड बंद होतं. खाली जे लिहिलंय ते ज्यांच्याकडे पहिलाच घोडा आहे त्यांच्यासाठी. यातलं काहीही डॉक्टरांना पर्याय नाही. डॉक्टर येईपर्यंत काय बघायचं, काय सांगायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढ्यासाठी हे आहे.

पायरी १: हात लावण्याआधी लांबून बघा

घोडा हा शिकार होणारा प्राणी. दुखतंय हे दाखवणारा घोडा रानात वाचत नाही, त्यामुळे माणूस समोर आला की तो कान टवकारून शहाण्यासारखा उभा राहतो. म्हणून तबेल्याच्या दाराआडून, त्याला चाहूल न देता दहा मिनिटं बघा. मोबाइल खिशात ठेवून.

चेहऱ्यापासून सुरुवात करा. घोड्याच्या चेहऱ्यावरचं दुखणं मोजायची एक पद्धत २०१४ मध्ये संशोधकांनी मांडली, तिच्यात सहा खुणा आहेत: कान ताठ आणि मागे वळलेले, डोळा अर्धवट मिटलेला, डोळ्यावरचं हाड उठून दिसणं, गालाचे चावण्याचे स्नायू आवळलेले, ओठ घट्ट आणि हनुवटी टोकदार, नाकपुड्या ताणलेल्या. वाचताना हे किचकट वाटतं. एकदा बघितलं की कळतं: डोकेदुखी झालेल्या माणसाचा चेहरा असतो तो.

मग पाय बघा. मागचा एक पाय सैल सोडून, खुराचं टोक टेकवून उभा राहणं हा घोड्याचा आराम आहे, आणि थोड्या वेळाने तो पाय बदलतो. पण पुढचा पाय असा पुढे काढून ठेवणं हा आराम नव्हे. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, तो एक पाय उगाच सुट्टीवर पाठवत नाही. दोन्ही पुढचे पाय पुढे काढलेत, अंग मागे रेललंय, जागेवरून हलायला तयार नाही, असं दिसलं तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि थेट डॉक्टरांना फोन लावा. ते बहुधा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज आहे, त्याबद्दल खाली सविस्तर येईल.

चंदी (दाणा) खाल्ली का, लीद किती पडली, अंथरूण एकाच ठिकाणी तुडवलंय का, हेही बघून घ्या. रात्रीची गोष्ट अंथरुणात लिहिलेली असते.

पायरी २: थांबायचं नाही अशा वेळा

खालीलपैकी काहीही दिसलं तर घोडा चालवून बघू नका, जागेवरच ठेवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

- पाय अजिबात टेकवत नाही, किंवा पाय भलत्याच कोनात लोंबतोय.
- सांध्याजवळ जखम आहे, कितीही लहान असो. तिथून चिकट, पिवळसर, अंड्याच्या पांढऱ्यासारखं पाणी येत असेल तर सांधा उघडा पडलाय. इथे दिवस नाही, तास मोजायचे असतात.
- खुरात खिळा, काच, तार घुसलीय.
- एकदम सुजलेला, गरम पाय आणि सोबत ताप.
- रपेटीनंतर पुठ्ठे (मागचा मांसल भाग) दगडासारखे कडक, घाम, आणि लघवी कॉफीच्या रंगाची. हा स्नायूंचा आजार आहे, पायांचा नव्हे, आणि अशा घोड्याला फिरवून मोकळं करायला जाल तर त्याची किडनी जाईल.

खुरात घुसलेल्या खिळ्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे सगळेच चुकतात. पहिली इच्छा उपसून काढायची होते. डॉक्टर तासा-दोन तासांत येणार असतील तर काढू नका. खिळा आत असताना एक्स-रे काढला तर तो कुठपर्यंत गेलाय ते दिसतं. काढून टाकलात तर भोक मिटतं आणि सापडतही नाही. खुराच्या तळाशी मधोमध रबरासारखा त्रिकोण असतो, त्याला डॉक्टर फ्रॉग म्हणतात. त्याच्या मधल्या भागातून आत गेलेला खिळा आतल्या लहान हाडापर्यंत आणि त्याच्या पिशवीपर्यंत पोहोचू शकतो, आणि तिथला जंतुसंसर्ग घोडा संपवतो. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे जाड तुकडे बांधून टाका, म्हणजे वजन पडून तो आणखी आत जाणार नाही. घोडा थांबतच नसेल आणि काढावाच लागला, तर आधी फोटो काढा, भोकाभोवती मार्करने गोल करा आणि खिळा जपून ठेवा.

पायरी ३: खूर

आधी खूर साफ करा. चिखल, लीद, खडे सगळं हुकने काढा, मग ब्रशने धुवा. अस्वच्छ खुरात काहीच दिसत नाही. बघायचं ते असं: नाल सरकलीय का, एखादा खिळा इतरांपेक्षा वर निघालाय का, तळव्यावर लाल-जांभळा डाग आहे का, काळी रेघ आत जाताना दिसतेय का, फ्रॉगच्या खाचेतून काळं, दुर्गंधीचं काही येतंय का. पावसाळ्यात हे शेवटचं हमखास. माथेरानसारख्या जांभ्या दगडाच्या ठिकाणी चार महिने खूर भिजून मऊ पडतो आणि मग बारीक खडाही तळव्याला जखम करतो. तिथल्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बाहेरच्यांना तो विकासाचा वाद वाटला, पण घोडेवाल्यांचं म्हणणं घसरणाऱ्या खुरांबद्दलही होतं, आणि ओल्या ब्लॉकवरून उतारावर घोडा आणलेल्या कुणालाही ते लगेच कळेल.

हाताची उलटी बाजू खुराच्या भिंतीवर ठेवा. चारही खुरांची तुलना करा. उन्हात उभा असलेला घोडा असेल तर सगळेच गरम लागतील, म्हणून सावलीत अर्धा तास ठेवून मग बघा. एकच गरम असेल तर खबर आहे.

आता नाडी. हे एक कौशल्य शिकलात तर निम्मं काम झालं. खुराच्या वर जो पहिला गोल सांधा, फेटलॉक, त्याच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे गोट्यांसारखी दोन हाडं लागतात. त्या गोटीच्या बाहेरच्या अंगावरून बोट आडवं सरकवा. कातडीखाली शेवयीएवढी एक दोरी बोटाखालून टुणकन सटकेल. ती शिर, धमनी आणि मज्जातंतूची जुडी. तिच्यावर दोन बोटं अगदी हलकी ठेवा, दाबलंत तर नाडी बंद होते, आणि थांबा. निरोगी घोड्यात ती इतकी मंद असते की सापडलीच नाही असं वाटेल. खुरात पू किंवा जळजळ असेल तर ती टणटण उडते, शोधावी लागत नाही. आज, घोडा धडधाकट असताना, रोज खराऱ्याच्या वेळी चारही पायांची नाडी बघायची सवय लावा. आजारी दिवशी पहिल्यांदा शोधायला गेलात तर तुमच्याच बोटाची नाडी लागेल.

नालबंदाकडे किंवा डॉक्टरांकडे मोठा चिमटा असतो, हूफ टेस्टर. त्याने तळवा आणि भिंत दाबत जातात आणि कुठे घोडा पाय ओढतो ते बघतात. तुमच्याकडे नसेल तर मामांसारखी चाकूची मूठ चालेल, पण हलक्या हाताने, आणि आधी चांगल्या पायावर करून घ्या म्हणजे त्याचा स्वभाव कळेल. काही घोडे टक केलं की उगाचच पाय ओढतात.

पायरी ४: खुरापासून वर

खुरात काही सापडलं नाही तर हात वर न्या. नळीच्या हाडामागे दोन दोऱ्यांसारखे स्नायुबंध असतात. पाय उचलून, सैल सोडून, दोघांना वेगवेगळं चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत सरकवा. निरोगी असतील तर कडा धारदार लागतात, भिजवलेल्या चामड्याच्या वादीसारख्या. मागची वादी, म्हणजे मागचा स्नायुबंध, धनुष्यासारखी फुगलीय, गरम आहे, दाबल्यावर पाय ओढतोय, तर ताण बसलाय किंवा तंतू तुटलेत. मग गुडघा, कोपर, खांदा. मागे असेल तर हॉक (मागच्या पायाचा मधला सांधा), स्टायफल (त्याच्या वरचा, मांडीखालचा गुडघा), कंबर. प्रत्येक ठिकाणी दोन्ही पाय ताडून बघा. घोड्याला त्याच्याच दुसऱ्या पायापेक्षा चांगला नमुना मिळत नाही.

ताप घ्या. थर्मामीटर गुदद्वारातून, त्याला दोरी बांधून, शेपटीला चिमटा लावून. नाहीतर आत जातो. ९९ ते १०१ फॅरनहाइट ठीक. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, जबड्याच्या खालच्या कडेला मोजता येते. घोडा शांत उभा असून ६० च्या वर असेल तर त्याला बरंच दुखतंय, चेहरा काहीही सांगो.

पायरी ५: चालवून बघणं

घोडा चालीतच स्पष्ट लंगडत असेल तर इथेच थांबा, दुडकी काढायची गरज नाही. चालीत शंका येतेय पण खात्री नाही, अशाच वेळी दुडकी.

दुडकीच का? कारण तिच्यात समोरासमोरचे तिरके पाय जोडीने पडतात, दोन ठोके, अगदी सारखे. जे सारखं असायला हवं ते बिघडलं की डोळ्याला लगेच दिसतं. भरधाव धावताना हेच लपून जातं.

सपाट, कडक, ३० मीटरचा सरळ पट्टा शोधा. खोगीर नको, फक्त मोरकी आणि सैल दोर. पकडणाऱ्याने खांद्याजवळून पुढे बघत पळायचं. दोर आखडून धरला तर मान बांधली जाते आणि बघण्यासारखं काही उरत नाही. तुम्ही एकदा समोर, एकदा मागे, एकदा बाजूला उभे राहा. मोबाइल आडवा धरून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. तेच नंतर डॉक्टरांना पाठवायचं.

पुढच्या पायासाठी मान बघा. दुखरा पाय जमिनीला लागताना मान वर जाते, चांगला पाय लागताना खाली येते. नवीन माणूस नेमकं उलटं धरतो. त्याला वाटतं मान खाली जाते तोच पाय वाईट. तुमच्या पायात काटा असेल तर त्या पायावर तुम्ही अंग टाकता का उचलता? बस, तेच. मानेकडे लक्ष जमत नसेल तर डोळे मिटून ऐका. डांबरावर दोनापैकी एक ठोका हलका पडेल, तो दुखरा.

मागच्या पायासाठी मागून पुठ्ठे बघा. दोन्ही पुठ्ठ्यांच्या उंच हाडावर पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा. ज्या बाजूचा तुकडा जास्त वर-खाली होतो, त्या बाजूचा पाय. इथे एक फसगत आहे: मागच्या डाव्या पायाचं दुखणं कधीकधी पुढच्या डाव्या पायासारखं दिसतं, कारण घोडा वजन पुढे ढकलतो आणि मान हलते. म्हणून एकाच बाजूचे दोन्ही पाय संशयित धरा.

दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर मान हलणारच नाही. घोडा फक्त आखूड, तुटक पावलं टाकेल, खड्यांवरून अनवाणी चालल्यासारखी. मालक म्हणतो घोडा आळशी झालाय. वळवून बघा: लहान गोलावर आतला पाय जास्त दुखतो, डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा लंगडेल. कडक जमिनीवर वाढत असेल तर खूर किंवा हाड, मऊ रेतीत वाढत असेल तर स्नायुबंध, हा ढोबळ अंदाज.

डॉक्टर लंगडणं ० ते ५ मध्ये मोजतात, अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेची ती पट्टी आहे: १ म्हणजे मुश्किलीने दिसतं आणि तेही कधीतरी, ३ म्हणजे दुडकीत दर वेळी दिसतं, ५ म्हणजे पाय टेकवतच नाही. फोनवर "खूप लंगडतोय" म्हणण्यापेक्षा "दुडकीत दर वेळी मान उडते, चालीत नाही, पुढचा उजवा, खुराची नाडी जोरात" असं सांगितलंत तर समोरचा माणूस काय घेऊन यायचं ते ठरवून निघतो.

बाजारात घोडा घेतानाही हीच परीक्षा करा. ढोलावर नाचणारा घोडा बघून भुलू नका, नाच मऊ मातीत होतो आणि नाचात लंगडणं दिसत नाही. कडक जमिनीवर, सैल दोरावर, डावीकडून आणि उजवीकडून गोल. विकणारा टाळाटाळ करत असेल तर चहा पिऊन घरी या. वरातीत नाचलेल्या घोड्यांचे हॉक आणि कंबर विशेष बघा. सिमेंटच्या रस्त्यावर मागच्या पायांवर उभं राहण्याची किंमत तिथे चुकती होते.

डॉक्टर कुठले, आणि ते काय करतील

तालुक्याचे सरकारी डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले असतात, घोडा त्यांच्याकडे क्वचित येतो. त्यांच्याकडे जायचं नाही असं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन, जखम, पहिला आधार ते उत्तम देतात. १९६२ या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथकही मिळतं. पण जे लंगडणं आठवड्यात हलत नाही त्यासाठी रेसकोर्सवर किंवा स्टड फार्मवर काम केलेला डॉक्टर शोधा, किंवा मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर यांपैकी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घोडा घेऊन जा.

ते सांधा मिनिटभर दुमडून ठेवतील आणि लगेच पळवतील. मग खालून वर एकेका टप्प्यावर मज्जातंतू बधिर करत जातील. टाच बधिर केली आणि घोडा नीट पळायला लागला, तर दुखणं टाचेत. नाही फरक पडला, तर एक टप्पा वर. मग त्या जागेचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी. यात दोन-तीन तास जातात आणि पैसेही. पण सरसकट चारही पायांचे एक्स-रे काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आणि हो, आदल्या दिवशी दुखण्याचं औषध दिलं असेल तर ही सगळी तपासणी वाया. दिलं असेल तर लपवू नका.

खुरातला पू

एका रात्रीत घोडा तीन पायांवर आला, पाय मोडलाय असं वाटून घरात रडारड झाली, तर बहुतेक वेळा हेच निघतं. वाट करून द्यायची, बस. ती डॉक्टर किंवा जाणकार नालबंद करतो. तुम्ही चाकू घेऊन खोदू नका, जिवंत भागात गेलात तर महिन्याची जखम. वाट झाल्यावर रोज १५-२० मिनिटं कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून खूर बुडवायचा. हे औषध दुकानातून घ्या, कृषी केंद्रातलं पिकासाठीचं नको. मग कोरडा करून, कापूस ठेवून बांधायचा. बांधायला लहान बाळाच्या डायपरसारखी वस्तू नाही: खुरावर चढवा, वरून रुंद चिकटपट्टी, झाला बूट. मोरचूद, फॉर्मेलिन, ॲसिड, असलं काही ताज्या भोकात ओतू नका. प्रतिजैविक लागेलच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. धनुर्वाताची लस मात्र झालेली हवीच. घोडा या रोगाला फार हळवा आहे, आणि जडला तर तो सहसा वाचत नाही.

लॅमिनायटिस

हा शब्द पाठ करून ठेवा. खुराच्या आतलं हाड भिंतीला हजारो पातळ पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. ते पापुद्रे सुजले आणि सुटले की घोड्याचं वजन आणि पायामागच्या वादीची ओढ, दोन्ही मिळून ते हाड फिरवतात, तळव्याकडे ढकलतात. कारणं: चंदीचं पोतं फोडून पोटभर दाणा खाल्ला, घोडी व्यायली आणि वार अडकली, अंगावर चरबी चढली, म्हातारपणी ग्रंथी बिघडली, किंवा एक पाय दुखतो म्हणून महिनाभर सगळं वजन दुसऱ्यावर पडलं.

दाणा खाल्ल्याचं रात्री कळलं आणि घोडा मस्त दिसतोय, तरी त्याच रात्री डॉक्टरांना बोलवा. पाय एक-दोन दिवसांनी धरतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. बर्फ लगेच सुरू करायचा. खूर आणि नळीच्या अर्ध्यापर्यंत पाय बर्फाच्या पाण्यात, सलग ४८ ते ७२ तास. अधूनमधून दहा मिनिटं पाणी मारण्याने काही होत नाही. आम्ही एकदा घोडीसाठी मासळीवाल्याकडून लादी आणून, गोणपाटात फोडून, सलाइनच्या मोठ्या रिकाम्या पिशव्या बुटासारख्या पायात चढवून भरत होतो. दर तासाला भर घालायची. दोन रात्री तिघं आळीपाळीने जागलो. तिचे खूर वाचले.

चालवू नका. रक्त फिरेल म्हणून फिरवा, असं कुणीतरी हमखास सांगेल, ऐकू नका. एकेक पाऊल पापुद्रे फाडतं. खाली वीतभर भुसा किंवा वाळू, म्हणजे तळव्याला सगळीकडून आधार मिळेल आणि त्याला आडवं पडावंसं वाटेल. दाणा, गूळ, लुसलुशीत गवत बंद. वाळलं गवत आणि पाणी चालू.

वादी ताणणं, सांधे, आणि अडकणारा पाय

ताण बसला की पहिले दोन दिवस थंडावा: दिवसातून तीन-चार वेळा २० मिनिटं पाण्याची धार, मग जाड कापूस घालून सारख्या ताणाने पट्टी. दोरीसारखी आवळलेली पट्टी स्वतःच नवीन इजा करते. गरम तेल, शेक, मालिश पहिल्या दिवसांत नको. वादी भरायला ९ ते १२ महिने लागतात, सूज तीन आठवड्यांत उतरते, आणि या दोन आकड्यांच्या मधल्या काळात बहुतेक मालक घोड्यावर बसतात. डागणी देणारे लोक अजून गावोगाव आहेत. डागण्याने वादी लवकर भरत नाही, कातडी जळते आणि घोड्याला सक्तीची विश्रांती मिळते एवढंच. विश्रांती तशीही देता येते.

सांध्यांची झीज म्हाताऱ्या घोड्यात असणारच. तो थंडीत सकाळी आखडतो आणि थोडं चालल्यावर मोकळा होतो. त्याला कोंडून ठेवू नका, रोज हलकं चालवा. मागचा पाय ताठ अडकून मागेच राहतो आणि मग झटक्याने सुटतो, तर गुडघ्याची वाटी अडकतेय. तरुण, अशक्त घोड्यात हे बऱ्याचदा खाणं सुधारून आणि चढावर चालवून मांडीचे स्नायू भरले की जातं. शस्त्रक्रियेची घाई करणाऱ्याकडून आधी तीन महिने मागून घ्या.

दुखण्याची औषधं

घोड्यात फेनिलब्युटाझोन, ज्याला तबेल्यांत ब्यूट म्हणतात, फ्लुनिक्सिन आणि मेलोक्सिकॅम ही तीन नावं ऐकू येतील. मात्रा किलोवर ठरते, आणि आपला देशी घोडा परदेशी पुस्तकातल्या ५०० किलोच्या घोड्यापेक्षा बराच हलका असतो. अंदाजाने दिलं तर जादाच जातं. जादा झालं की पोटात आणि आतड्यात व्रण, आणि उन्हात पाणी कमी प्यालेल्या घोड्यात किडनीवर घाव. दोन वेदनाशामकं एकत्र कधीच नाहीत, एकाने फरक पडला नाही म्हणून वर दुसरंही नाही. फ्लुनिक्सिन मांसात टोचल्यावर क्वचित भयंकर सडणारी गाठ होते, म्हणून ते डॉक्टरांनीच शिरेतून द्यावं. माणसांच्या गोळ्या कुटून चंदीत घालणं हा गुन्हा समजा.

डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं किडनी निकामी होऊन मरतात. भारतातली बहुतेक गिधाडं अशीच गेली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकही बंद झाली. परदेशी व्हिडिओत केटोप्रोफेनचं नाव ऐकून दुकानात विचारत बसू नका. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. दुकानातून मी आणलेलं ते गुरांचं इंजेक्शन काय होतं, मी तेव्हा बाटली वाचलीही नव्हती.

आणि औषधाने लंगडणं थांबलं म्हणजे घोडा बरा झाला नाही. औषध चालू असेपर्यंत खोगीर खुंटीवर.

परत कामाला लावताना

विश्रांतीत चंदी निम्म्याहून कमी करा, नाहीतर कोंडलेला, माजलेला घोडा पहिल्याच दिवशी उधळतो आणि भरत आलेली वादी पुन्हा तोडतो. सुरुवात हातात धरून दहा मिनिटं चालण्यापासून. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. मग पाठीवर बसून चाल, मग दोन-दोन मिनिटं दुडकी. दर पायरीआधी त्याच ३० मीटरच्या पट्ट्यावर तेच चित्रण काढा आणि जुन्याशी ताडून बघा. वाढवलेल्या कामाच्या दुसऱ्या सकाळी मान उडाली, नाडी टणटणली, तर एक पायरी मागे.

नाल दर सहा आठवड्यांनी, खूर वाढला नसेल तरी. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे आज भिंतीत पडलेली तडा खाली उतरायला वर्ष लागतं. नालबंदासमोर उभे राहा. खिळा आत जाताना आवाज कडक येतो. तो मऊ, बद्द झाला किंवा घोडा दचकला, तर तिथल्या तिथे तो खिळा काढायला लावा. माझ्या वेळी मी फोनवर बोलत होतो.

तबेल्यात एक डबा ठेवा: खूर साफ करायचा हुक, दोरीवाला थर्मामीटर, मार्कर, कापसाच्या दोन जाड लाद्या, चार क्रेप पट्ट्या, रुंद चिकटपट्टी, एप्सम सॉल्ट, डायपरचं पाकीट, टॉर्च. झाकणाच्या आतल्या बाजूला डॉक्टरांचा, नालबंदाचा आणि रात्री बर्फ देणाऱ्याचा नंबर खडूने नाही, रंगाने लिहा.